अडकित्ता आणि संगणक

आमच्या बीदर-कलबुर्गीकडील मराठी घरांत चालती वस्तू टाकून देण्याची रीत नाही. आजोबांचा अडकित्ता, आजीचे पितळी डबे आजही वापरात आहेत आणि त्याचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु अडकित्ता पन्नास वर्षांचा झाला म्हणून त्यातून कोणी परका घरात शिरत नाही. संगणकाचे तसे नाही, ही गोष्ट आमच्या मंडळींच्या अद्याप पचनी पडलेली दिसत नाही. "चालतंय की, कशाला बदलायचं?" हे उत्तर आम्ही भालकीत ऐकले, आळंदला ऐकले, आणि खरे सांगावयाचे तर स्वगृहीही नित्य ऐकतो.

संगणकावरील प्रत्येक काम कोणत्या तरी पायावर उभे असते. विंडोजसारखी प्रणाली, जावा, पायथॉन, पी.एच.पी. हे असे पाये होत. त्यांत कालांतराने भोके सापडतात आणि निर्माते ठिगळे धाडतात. मग एके दिवशी, यापुढे ठिगळ मिळणार नाही, असे ते जाहीर करतात. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी सरला, विंडोज ७ चा त्याच महिन्याच्या १४ तारखेस, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दुसऱ्या दिवशी यंत्र नेहमीसारखेच सुरू होते, म्हणूनच फसगत होते. त्यातून आणखी एक गोम अशी, की नव्या आवृत्तीसाठी ठिगळ निघाले म्हणजे जुनीत भोक कोठे असावे याचा पत्ताच चोरास मिळतो.

२०१७ साली हे जगाने पाहिले. विंडोजमधील एका भोकाचे ठिगळ १४ मार्च रोजी निघाले होते. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच भोकातून देशोदेशी पसरला आणि ब्रिटनमधील कित्येक रुग्णालयांचे काम ठप्प झाले. सापडलेली बहुतेक यंत्रे फारशी जुनीही नव्हती. ठिगळ हाताशी असून लावलेले नव्हते. मग ज्यांना ठिगळच येत नाही त्यांची काय कथा! पुढे जून महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचा कारभार बंद पाडला. रिझर्व्ह बँकेस तर २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून बजावावे लागले, की सर्व ए.टी.एम. यंत्रे जून २०१९ पर्यंत आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. जानेवारी २०२५ मध्ये बीदरात ए.टी.एम.ची रोकड भरदिवसा लुटली गेली आणि त्यात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. ते दरोडेखोर निदान लोकांच्या दृष्टीस पडले; हे चोर दिसतही नाहीत.

आमच्याकडे जुने यंत्र जपण्यास कंजूषपणाखेरीज एक हृद्य कारणही आहे, ते म्हणजे मराठी. इकडील मुद्रकांनी लग्नपत्रिका, वंशावळी, मंडळांचे अहवाल वर्षानुवर्षे जुन्या फाँटांत जुळविले. तो मजकूर त्या फाँटावाचून उघडला तर रोमन अक्षरांची नुसती भेळ दिसते, आणि ते जुने संच नव्या प्रणालीवर अनेकदा चालत नाहीत. यंत्र टाकावे तर मराठी जाते. ठेवावे तर त्याच यंत्रावर बँकेचा व्यवहार आणि गिऱ्हाइकांची आधार कार्डे!

आमचे मत असे, की यंत्र ठेवावे, पण त्याचे इंटरनेट तोडावे. बाहेरचा पेन ड्राइव्ह त्यास लावू नये. पैशाचे व्यवहार निराळ्या, आधार चालू असलेल्या यंत्रावर करावेत. साऱ्या मजकुराची एक प्रत अन्यत्र ठेवावी आणि सवडीने तो युनिकोडमध्ये आणावा. हे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. काम कंटाळवाणे खरे. सुट्टीत घरच्या मुलांना जवळ बसवून ते करून घ्यावे. कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवंडांच्या डोळ्यांखालून तेवढेच मराठी जाईल. मुद्रिते मात्र वडीलधाऱ्यांनीच तपासावीत, कारण या रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात.