दाणे कराडचे, साचा क्रॉफर्ड मार्केटचा

कुर्ला पूर्वेला नेहरूनगरात घरी चॉकलेट करणाऱ्या बायका आता शोधाव्या लागत नाहीत. हार्बरने सीएसएमटीला उतरायचं, क्रॉफर्ड मार्केटातून लाद्या, साचे आणि रंगीत चमकी कागद आणायचे आणि नवरात्र संपलं की दिवाळीच्या डब्यांना लागायचं, हा आता रिवाजच झाला आहे. बहुतेकींचा माल मात्र सारखाच. आत बदाम, काजू किंवा बेदाणे, नाहीतर पेपरमिंटचा अर्क. शेंगदाण्याला त्या डब्यात जागा नव्हती. दाणा म्हणजे खिचडीतला, चिवड्यातला, लोकलमध्ये विकायला येणाऱ्या चिक्कीतला. भेटीच्या डब्यात तो दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, बाईने बदामाचे पैसे वाचवले.

खरं तर मला तेच वाचवायचे होते. कराडहून सासरच्या शेतातले दाणे येत होते, बदामाचा भाव विचारवत नव्हता, आणि नणंद न्यू जर्सीहून येताना जी नारिंगी कागदातली रीझेस आणायची त्यांच्या आत पीनट बटर असतं हे मुलांना तोंडपाठ होतं. म्हटलं, आपण हेच करू. दाण्याला इंग्रजी नाव मिळालं की गिऱ्हाइकाची हरकत आपोआप मावळते, हा माझा अंदाज पुढे खरा निघाला.

ज्या हॅरी बर्नेट रीझच्या नावाने ती चॉकलेटं विकली जातात, तो माणूसही घरगुती धंदेवाला होता, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पेनसिल्व्हेनियात हर्शी या चॉकलेटवाल्यांच्या गोठ्यावर तो नोकरीला होता. सोळा मुलांचा बाप. पगार पुरणार कसा? म्हणून घराच्या तळघरात तो गोळ्या-चॉकलेटं करू लागला. १९२८ साली त्याने चॉकलेटच्या छोट्या वाटीत दाण्याचं सारण भरलं. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा त्याने बाकीचे प्रकार बंद करून हा एकच ठेवला, कारण त्याला साखर कमी लागायची. १९६३ मध्ये त्याची कंपनी हर्शीतच विलीन झाली. साखर कमी लागते हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य. दाण्याला मुळात स्वतःची गोडी असते. ती बाहेर काढता आली पाहिजे, एवढंच.

ती बाहेर येते भाजण्याने, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली मोठी गोष्ट तीच आहे. चॉकलेटच्या क्लासात भाजण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तिथे सगळा जीव चकाकीवर. आमच्या घरी ते खातं सासूबाईंचं. त्यांचं माहेरही कराडकडचंच. दाणे आले की त्या गॅलरीत सूप घेऊन बसतात. पहिलं काम निवडणं. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा नुसता वास येणारा दाणा बाजूला. एखादा खवट दाणा अख्ख्या घाण्याला वास लावतो, हे त्यांचं कारण. यामागे आणखी एक कारण आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या मेल्या आणि शोध घेता घेता तो शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीपाशी पोचला. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. पावसाळ्यात कुर्ल्याच्या हवेत दाण्याचा डबा नीट बंद केला नाही तर आठवड्यात दाणा मऊ पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी निवडण्याच्या कामात घाई खपवून घेत नाही. म्हणजे सासूबाई खपवून घेत नाहीत.

मग लोखंडी कढई आणि बारीक गॅस. मला सवय मोठ्या आचेची, ऑफिसला जाणाऱ्या बाईची. "गडबड करू नगंस," त्या म्हणतात. "वरनं काळं आन् आतनं कच्चं, त्याला काय चव? दाणं आतनं भाजलं पायजेत." सतत हलवायचं. पहिल्यांदा कच्च्या शेंगेचा ओलसर वास येतो, मग साल तडकू लागते, मग वास एकदम गोड होतो. तिथून पुढचा काळ अगदी थोडा. दाण्यातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांना लागतात आणि त्यातून तो खमंगपणा तयार होतो. याची उकल लुई कामीय मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. सासूबाईंचं माप वेगळं. एक दाणा काढायचा, गार होऊ द्यायचा, फोडायचा, आणि आतला रंग साईसारखा पांढरा राहिला असेल तर कढई खाली उतरवायची नाही. गार होऊ द्यायचा, हे महत्त्वाचं, कारण गरम दाणा नेहमी कच्चाच लागतो. कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये दाण्याच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि त्यांची पद्धत दाणे उकडून घ्यायची होती. मी हे सासूबाईंना सांगितलं. "दवाखान्यातल्या लोकांस्नी करत आसंल," त्या म्हणाल्या. केलॉग खरोखरच आरोग्यधाम चालवत होते.

सालं चोळून, पाखडून झाली की दाण्याच्या टोकाशी असतो तो कोंबही जितका जाईल तितका जाऊ द्यायचा. तो किंचित कडवट असतो. कूट करायला कुणी एवढं करत नाही, पण चॉकलेटचा स्वतःचा कडूपणा असतो, त्यात आणखी भर नको.

मिक्सरचं काम ऐकायला सोपं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, वरून थेंबही घालावा लागत नाही. पण ते तेल सुटेपर्यंत धीर लागतो. आधी कूट होतं, आणि मराठी हात तिथेच थांबायला शिकलेला असतो. पुढे जायचं. कूट भांड्याच्या कडांना चिकटतं, ते खरवडून पुन्हा फिरवायचं. मग त्याचा गोळा होतो आणि मोटर कण्हते. इथे मिक्सर बंद करून त्याला विसावा द्यायचा. पुन्हा फिरवलं की एका क्षणी गोळा मोडतो आणि पातळ, चकचकीत, ओतता येईल असं लोणी भांड्यात फिरू लागतं. आमच्याकडे अजून आईने दिलेला जुना सुमीत आहे. सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने १९६३ साली मुंबईत हा मिक्सर काढला तो भारतीय वाटणाचा मार झेलण्यासाठी. पीनट बटरचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही, पण नव्या मिक्सरला जिथे वास सुटतो तिथे हा नुसता गरम होतो.

हे लोणी पोळीला लावायला उत्तम, भरायला निरुपयोगी. फारच पातळ. म्हणून त्यात पिठीसाखर आणि दुधाची पावडर घालून मळते. पाव किलो दाण्यांना साखर चार चमचे, पावडर मूठभर, गोळा हाताला चिकटायचा थांबेल इतकी. आणि मीठ. मिठाबद्दल मी हट्टी आहे. चिमूटभराने भागत नाही, खाणाऱ्याला कळलं पाहिजे की मीठ आहे. कधी कधी चिक्की कुटून तिचा चुरा घालते, दाताखाली कुरकुरीत यायला. राजगिऱ्याच्या लाह्याही घालून पाहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी सादळतात.

आता चॉकलेट. कुर्ल्यात राहून चॉकलेट करायचं म्हणजे हवेशी भांडण. कोकोच्या बियांमधलं लोणी साधारण चौतीस अंशांना वितळतं. म्हणून तर ते जिभेवर विरघळतं, त्यातच त्याची सगळी मजा. पण मे महिन्यात दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तेवढे अंश गॅस न पेटवताच असतात. शिवाय खरं चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं की झालं, असं होत नाही. ते पंचेचाळीस अंशांच्या पुढे नेऊन पूर्ण वितळवायचं, ढवळत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवायचं, मग पुन्हा एकतीस-बत्तीसला आणायचं. कोको बटरचे स्फटिक सहा तऱ्हांचे होऊ शकतात आणि त्यांतली पाचवी तऱ्हाच चकाकी आणि मोडताना येणारा कट्कन आवाज देते. ती साधायला हा चढउतार. खोलीच तीस अंशांवर असेल तर सत्तावीसपर्यंत उतरवायचं कुठे? जानेवारीच्या रात्री, खिडक्या उघड्या टाकून, मी हे करते. थेंब खालच्या ओठाला लावून पाहायचा, किंचित गार लागला की बरोबर. बाकीचं वर्ष कंपाउंड.

कंपाउंड म्हटलं की चॉकलेट शिकलेली मंडळी नाक मुरडतात. त्यात कोको बटर काढून त्याजागी वनस्पती चरबी घातलेली असते, हे खरं आहे, आणि चवीला ते उणंच असतं, हेही खरं आहे. पण ते घरात नीट गोठतं, त्याला चढउतार लागत नाही, आणि लोकलच्या गर्दीतून चेंबूरपर्यंत नेलं तरी आकार सोडत नाही. पुणे जिल्ह्यात मंचरला कारखाना असलेल्या मोर्डेच्या लाद्या आमच्यातल्या बहुतेकजणी वापरतात. मी डार्क आणि मिल्क निम्मं-निम्मं करते. लादी सुरीने बारीक चिरायची, पातेल्यात पाणी गरम करून वर वाडगा ठेवायचा, आणि वाडग्याला पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. वाफेचा एक थेंब आत पडला तर अख्खं चॉकलेट आवळून रवाळ होतं. तिथे ओला चमचा घेऊन मदतीला येणाऱ्या माणसाला मी स्वयंपाकघरातून बाहेर घालवते.

साच्यात आधी चॉकलेट ओतून, उलटं करून, कडांना पातळ थर राहू द्यायचा. तो गोठला की दाण्याचा गोळा बसवायचा, वरून पुन्हा चॉकलेट, मग साचा ओट्यावर आपटायचा, बुडबुडे निघायला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना हा आवाज कळतो. त्या फोन करून विचारतात, "आज दाण्याची का गं?" घाईची ऑर्डर असली तर साचा वापरतच नाही. सारणाच्या गोळ्या वळायच्या, फ्रीजमध्ये गार करायच्या आणि टूथपिकवर धरून चॉकलेटमध्ये बुडवायच्या, माथ्यावर थोडं दाण्याचं अंग उघडं ठेवून. अमेरिकेत ओहायोकडे अशाच करतात, तिथल्या बकआय नावाच्या झाडाच्या बीसारख्या दिसतात म्हणून त्यांना तेच नाव. मला साच्यापेक्षा याच आवडतात. आत काय आहे ते दिसतं.

या कँडीची उमर कमी. दाण्याचं तेल हवेच्या तापमानाला पातळच असतं, ते हळूहळू आतून बाहेरच्या थरात झिरपतं. चॉकलेट मऊ पडतं, वर पांढुरकी झाक येते. गिऱ्हाइकाला ती बुरशी वाटते. म्हणून डब्यावर मी तारीख लिहिते आणि दहा दिवसांत खा असं सांगते. फ्रीजमधून काढल्यावर लगेच डबा उघडू नका, हेही. कुर्ल्याच्या दमट हवेत गार चॉकलेट उघडलं की दवासारखे थेंब धरतात, साखर विरघळून वर येते, आणि सुकल्यावर वरचा थर खरबरीत होतो. डबा बंदच अर्धा तास बाहेर ठेवायचा. हे कुणी पाळत नाही.

नणंदेच्या मुलीला मी एकदा डबा पाठवला. तो तिला शाळेत नेता आला नाही. तिच्या शाळेत दाण्याचा पदार्थ चालत नाही, कारण काही मुलांना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की जिवावर बेतू शकतं. जिथे पीनट बटर जन्माला आलं तिथेच ते दप्तरात न्यायची चोरी. तेव्हापासून मीही ऑर्डर घेताना विचारते, घरात कुणाला दाण्याचा त्रास? लोकांना आश्चर्य वाटतं. दाण्याचा कुणाला कसला त्रास होणार, असं त्यांचं म्हणणं. तरी मी डब्यावर ठळक अक्षरांत लिहिते.

आमच्या इमारतीत वाद झाला तो वेगळाच. आषाढीच्या आदल्या दिवशी कुणीतरी विचारलं, ही कँडी उपासाला चालेल का? दाणे चालतात, साखर चालते, दुधाची पावडर चालते, मिठाऐवजी सैंधव घालता येतं. राहिला कोको. एकीचं म्हणणं, ते फळ आहे, झाडाला लागतं. दुसरी म्हणाली, फळातली बी वापरतात, आणि तीही आधी आंबवतात. आंबवलेलं कसं चालेल? मी त्यांना सांगून पाहिलं की शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा करतात ते झाड, हे सगळं कोकोसारखंच अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेलं आहे. त्यांच्यावाचून आपली एकादशी उभी राहत नाही, मग कोकोनेच काय पाप केलं? यावर एकमत झालं नाही. तिसरीने लादीच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचून त्यात सोया आहे हे शोधून काढलं, आणि माझी बाजू पडली.

निकाल सासूबाईंनी दिला. "वरचं त्ये काळं लावूच नगंस की. आतलं दे."

त्या एकादशीला मी सैंधव घालून नुसत्या गोळ्या वळून दिल्या. तिघींनी नेल्या. आता अंगारकीला आणि महाशिवरात्रीलाही मागणी असते, आणि मधल्या दिवसांतही काहीजणी बिनकोटाच्याच मागतात. चॉकलेट नाही, साचा नाही, चमकी कागद नाही, म्हणून त्यांना दर निम्मा हवा असतो. मी त्यांना सांगते, निवडणं, भाजणं आणि मिक्सर तेवढाच आहे. घासाघीस अजून चालू आहे.