लिहिलेले बोलावे कसे?

(बी. कॉम., चौथे सत्र)

आवाज ही काय शिकायची वस्तू आहे, असे पुष्कळांना वाटते. गळा देवाने दिला, भाषा आईने दिली, तोंड उघडले की झाले! परंतु अशा माणसाच्या हातात एक छापील कागद द्यावा, पुढ्यात माईक ठेवावा आणि 'आता नेहमीसारखे बोला' म्हणून सांगावे. काल रात्री मेसमध्ये भाजीवरून तासभर भांडलेला हा प्राणी एकाएकी सरकारी बातम्या देऊ लागतो, नाही तर गणेशोत्सवातला वक्ता तरी होतो. बोलता सर्वांना येते, वाचताही येते. लिहिलेले बोलता येणे ही मात्र तिसरीच विद्या आहे, आणि गेले दीड वर्ष मी तिच्या बालवर्गात आहे.

बेळगावातल्या एका लहानशा स्टुडिओत, कॉलेज सांभाळून, मी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आवाज देते. साड्यांचे दुकान, शिकवणीचे वर्ग, यात्रेच्या आधी रिक्षावरून फिरणाऱ्या घोषणा, असे काम असते. मिळकत म्हणाल तर बसपास आणि झेरॉक्सचा खर्च निघतो. याला शहाणी माणसे 'व्हॉइस-ओव्हर' म्हणतात. आमच्याकडे 'आवाज देणे' म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो. कारण आवाज देणे म्हणजे हाक मारणे. हाक कुणीही हवेत मारत नाही. कुणाला तरी मारतो. तो 'कुणी तरी' कागदावर नसतो, त्याला आपणच शोधून समोर बसवावा लागतो.

मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा मुलांची खरी अडचण इथेच आहे. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' या एका वाक्यावर आमच्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या. ते वाक्य कुणा एकाला उद्देशून नसतेच, ते समोरच्या भिंतीला उद्देशून असते. वाक्याच्या शेवटी सूर वर न्यायचा, 'भारतमाता' आली की हात उचलायचा, पाठ केलेले विसरले की घोट गिळून पुढे जायचे. वक्तृत्व स्पर्धेला ते शोभते. पाचशे माणसांच्या मंडपात आवाज पोचवायचा तर थोडा ताण हवाच. परंतु माईक हा मंडप नव्हे. तो तोंडापासून एक वीतभर अंतरावर असलेला कान आहे. वीतभर अंतरावरून कुणी आपल्याशी भाषण करू लागले, तर आपण काय करू?

जुन्या रेडिओवाल्यांना हे चांगले ठाऊक होते. आमच्या भागाला दोन बाजूंनी दोन केंद्रांचे बोलणे ऐकू येई : धारवाडचे कन्नड, तिथले केंद्र १९५० साली सुरू झाले, आणि सांगलीचे मराठी, तिथले १९६३ साली. माझ्या आजोबांच्या रेडिओवर या दोन्ही जागी पेनाने खुणा केलेल्या होत्या म्हणे. सगळ्या देशाला ठाऊक असलेले उदाहरण अर्थातच अमीन सायानींचे. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून त्यांची गीतमाला सुरू झाली. आधी बहिणींना आणि मग भावांना घातलेली त्यांची साद २०२४ साली ते गेले त्या दिवशीही लोक सांगत होते. ऐकणारे लाखो, पण प्रत्येकाला वाटे, हा गृहस्थ आपल्याच खोलीत खुर्ची ओढून बसला आहे. लाखांशी बोलण्याची युक्ती एकाशी बोलण्यात आहे, हे त्यांचे ध्वनिमुद्रण पाच मिनिटे ऐकले तरी कळते.

आमच्या एका सरांनी मला नाट्यशास्त्रातला एक शब्द सांगितला : काकू. (चुलत्याची बायको नव्हे!) अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार भरताने सांगितले आहेत. त्यातल्या वाचिकात आवाजाच्या चढउताराला काकू म्हटले आहे. 'तू आलास' हे दोन शब्द घ्या. आनंदाने म्हणा, संशयाने म्हणा, कंटाळून म्हणा. अक्षरे तीच राहतात, काकू बदलते आणि अर्थ बदलतो. कागदावर काकू लिहिता येत नाही. म्हणून मी पेन्सिलीने कागद खराब करते : श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ, वजन द्यायच्या शब्दाखाली आडवी रेघ. एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ, हा माझा स्वतःपुरता नियम. जाहिरात लिहिणाऱ्यांना प्रत्येकच शब्दाखाली रेघ हवी असते, ती गोष्ट वेगळी.

दोन भाषांत काम करताना काही गमती नव्याने कळतात. मराठीत 'च' आणि 'ज' दोन तऱ्हेचे आहेत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे लिहायचे सारखे आणि बोलायचे वेगळे. कन्नड भाषकाला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो. उलट आकड्यांत कन्नड सरळ. एकोणसाठला कन्नडात 'ऐवत्तोंबत्तु', म्हणजे पन्नास आणि नऊ. मराठीत मात्र 'एकोण' म्हणताना पुढे साठ आहेत की सत्तर, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! आम्हा सीमेवरच्यांना त्यात नवल वाटले नाही. आम्ही बाजारात दोन्ही पद्धतींनी मोड घेतो.

परंतु खरा प्रश्न उच्चाराचा नाही, बोलीचा आहे. स्टुडिओत नवे गिऱ्हाईक आले की पहिली मागणी 'शुद्ध मराठी' आणि 'शुद्ध कन्नड' यांची असते. म्हणजे मराठी पुण्याची आणि कन्नड बेंगळूरची. आमचे 'बघ की', 'येतो की' आणि कन्नडातला आदराचा 'री' चालत नाही. एका गिऱ्हाइकाने तर मला 'तुमच्या आवाजात गाव येतो' असे सुनावले. गावाला विकायचा माल असताना आवाजात गाव नको, हे अर्थशास्त्र मला बी. कॉम.च्या चौथ्या सत्रापर्यंत तरी उमगलेले नाही.

अशा वेळी मी पु. ल. देशपांड्यांचे 'रावसाहेब' ऐकते. पु. ल. काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि 'गणगोत'मधले रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. कन्नड वळणाचे मराठी, निर्जीव वस्तूंच्या लिंगांची मनसोक्त सरमिसळ (कन्नडात निर्जीव ते सारे नपुंसक, त्याला रावसाहेब तरी काय करणार?), आणि अधूनमधून इरसाल शिवी. दुसऱ्या एखाद्याने ही बोली हसण्यापुरती वापरली असती. पु. लं.च्या कथनात हसता हसता घसा कधी दाटतो ते कळत नाही, आणि तेव्हाही बोली तीच असते. शुद्ध भाषेत शोक करायला ते रावसाहेबांना कपडे बदलून आणत नाहीत. भावना बोलीतूनच येते, बोली गाळून येत नाही, असे मला वाटते ते या ध्वनिफितीमुळे.

आता कागदाबद्दल. सहजपणे बोलता येत नाही याचा सगळा दोष नवशिक्याच्या माथी मारतात, पण निम्मा दोष मजकुराचा असतो. बहुतेक मजकूर इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून आमच्याकडे आलेला. 'आपल्या नजीकच्या विक्रेत्याशी आजच संपर्क साधा.' सांगा, तुमच्या घरात असे कोण बोलते? हे वाक्य कोणी कितीही जीव ओतून म्हणाले तरी त्यात जीव येणार नाही, कारण ते मुळात कुणाच्या तोंडचेच नाही. 'जवळच्या दुकानात विचारा' म्हटले की आवाज आपोआप खाली येतो. कन्नडातही तेच. 'आस्पत्रेगे भेटि नीडि' हे फलकावर ठीक, पण आमच्याकडची माणसे एकमेकांना सांगतात, 'दवाखानिगे होगि बर्री'. जाऊन या! पाहा, दवाखानाही दोघांचा एकच आणि जाऊन येणेही एकच.

या सगळ्याची परीक्षा गेल्या हिवाळ्यात झाली. एका संस्थेला विडी वळणाऱ्या बायकांसाठी क्षयरोगाच्या तपासणीविषयी दोन मिनिटांची ध्वनिफीत हवी होती, मराठीत आणि कन्नडात, मोबाईलवर पाठवण्यासाठी. निपाणी म्हटले की बाहेरच्यांना १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आठवते. त्या तंबाखूला शेवटचा हात लागतो तो बायकांचा. तेंदूचे पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाला लावून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. माझी आई हे काम मी जन्मायच्या आधीपासून करते. आणि त्या हिवाळ्यात तिला खोकला होता, तो महिना झाला तरी जात नव्हता. 'तंबाखूची धूळ, दुसरं काय,' असे ती म्हणे. बहुतेकींना तसे वाटते, आणि पुष्कळदा ते खरेही असते.

मजकुरात माहिती चोख होती. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये. (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती.) परंतु सुरुवात होती ती 'क्षयरोग हा एक गंभीर आजार असून' अशी. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना मागे सनई हवी होती आणि माझ्या आवाजात 'थोडा गहिवर' हवा होता.

मी शनिवारी घरी गेले आणि आईच्या शेजारी सुपाजवळ बसून तो कागद मनात वाचला. विडी वळणारी बाई तुमच्याकडे बघत नाही. तिचे डोळे पानावर, बोटे दोऱ्यावर, कान तेवढा रिकामा. शेजारीण काही सांगते तेव्हा तीही मान वर करत नाही. एक विडी पुरी होते तेवढ्या वेळाचे तिचे वाक्य असते, मग थोडा अवकाश, मग पुढचे वाक्य. गहिवरून कुणी बोलत नाही. गहिवराला हात थांबवावे लागतात आणि हात थांबवणे परवडत नाही. त्या दुपारी शेजारच्या मावशी आईला म्हणाल्या, 'आगं, किती दिस खोकतीस, जा की एकदा दवाखान्याला. पैसं काय लागत न्हाईत तितं.' माझ्या दोन मिनिटांच्या मजकुराचे हे दोन ओळींत झालेले संपादन होते.

मजकूर लिहिणाऱ्या बाई समंजस होत्या. 'गंभीर आजार' मधे गेला, शेजारणीचे वाक्य वर आले. आणखी एक वाक्य मी मागून घेतले : 'अर्धा दिवस मोडेल, पण अर्धाच मोडेल.' कारण 'फुकट' या शब्दावर आमच्या बायकांचा विश्वास नसतो. दिवस मोडतो त्याचा हिशेब त्या आधी करतात.

माईकसमोर उभी राहिले तेव्हा भावना आणण्याचा प्रश्नच नव्हता. पुस्तकातून वाचले होते की दिदरो म्हणे, नटाने आतून थंड राहावे, आणि स्तानिस्लाव्हस्की म्हणे, आतून जगावे. मला त्या दिवशी दोघेही थोडे थोडे पटले. दुसऱ्या खेपेला 'किती दिवस खोकताय' इथे माझा आवाज कापला. काचेपलीकडून अंगठा वर आला. त्यांना तीच खेप ठेवायची होती. मी तिसरी मागितली. आवाज कापला की ऐकणाऱ्याचे लक्ष आवाजाकडे जाते, 'बिचारी पोरगी' म्हणून. मला लक्ष खोकल्याकडे हवे होते. तिसऱ्या खेपेला मी आईच्या हातांचा वेग धरला, वाक्यावाक्यात एका विडीची जागा सोडली आणि मावशींच्या सुरात बोलले. सनई काढायला लावली. कन्नडासाठी मावशींच्या जागी हॉस्टेलमध्ये भाकरी करणाऱ्या अक्का डोळ्यांपुढे ठेवल्या, आणि 'री' एकही गाळला नाही.

ध्वनिफीत मोबाईलवर आली तेव्हा मी घरीच होते. सात-आठ बायका ओसरीवर सुपे घेऊन बसल्या होत्या. कुणी मान वर केली नाही, आवाज माझा आहे हेही कुणी बोलले नाही. फीत संपली. आईने हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला आणि विचारले, 'थुंकी सकाळची द्यायची, का कवाबी चालती गं?'

ते मजकुरात नव्हते. आशाताईंना फोन केला. एक नमुना तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा, असे त्यांनी सांगितले. सोमवारी बेळगावला येऊन ते वाक्य दोन्ही भाषांत नव्याने बोलून घातले. आई त्याच दिवशी गेली आणि दुसऱ्या नमुन्यासाठी डबी घेऊन आली. हजाराच्या जागी त्या दिवशी सहाशेच विड्या झाल्या.