कडी आतून लागते का?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एक वाद पेटला आणि कळसूबाईच्या पायथ्याशी एका रात्रीत तो बराचसा निवला. त्या रात्रीची ही हकिगत. ज्या घरांत मुली वाढत आहेत, त्यांना कदाचित उपयोगी पडेल.

आम्ही तिघी जावा मुंब्र्याला एकाच इमारतीत राहतो. मधलीची मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एक दिवस तिनं जेवताना विचारलं, "कॉलेजचा ट्रेक आहे कळसूबाईला. एक रात्र गावात मुक्काम. जाऊ?" पुरुष नाही म्हणाले आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाहीच म्हणालो. कुणी थंडीचं कारण दिलं, कुणी डोंगरावरच्या लोखंडी शिड्यांचं. पोरगी सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "तुम्ही डोंगराला नाही म्हणत नाही, रात्रीला म्हणताय."

आम्ही गप्प झालो. खरंच, भीती रात्रीचीच होती. एका हॉलमध्ये वीस-पंचवीस जण झोपतात, एवढंच आम्ही ऐकून होतो. कोण कुठं झोपतं, संडास कुठं, दार कसलं, काहीच ठाऊक नव्हतं. कॉलेजचा तो ट्रेक तिच्याशिवाय गेला. पण थोरल्या जावेच्या मनातून ते वाक्य जाईना. शेवटी ती म्हणाली, "नकार द्यायचा तर बघून देऊ. आपणच जाऊ या."

डिसेंबरातला एक शनिवार ठरला. आम्ही तिघी, चार मुली, 68 वर्षांच्या फुफी, आणि सोबतीला थोरले भाईजान व त्यांचा मुलगा.

बारी हे गाव अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कळसूबाई 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चढणारे लोक आदल्या रात्री बारीत मुक्कामाला येतात आणि गावातली काही कुटुंबं घरालगत एखादा हॉल बांधून त्यांची सोय करतात. निघण्याआधी आम्ही फोनवर सगळं विचारून घेतलं. बायकांचा हॉल वेगळा आहे का? कडी आतून लागते का? संडास किती लांब, वाटेत दिवा आहे का? घरातली बाई रात्री तिथंच असते का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडून हसू आलं, "मी कुठं जाणार बाई, माझंच घर हाय."

हॉल म्हणजे पत्र्याखालची लांबलचक खोली. एका भिंतीला रेल्वेच्या बर्थसारख्या दुमजली खाटा, उरलेल्या जागेत सतरंज्या आणि गाद्या. वरच्या खाटा मुलींनी बळकावल्या. अंगणापलीकडे पुरुषांचा हॉल. मावशींनी, म्हणजे घरच्या बाईनं, चुलीवरच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. खाण्याचा प्रश्न मिटला. वुझूसाठी अंगणात पिंप होतं. पाणी कुठून आणता, असं विचारलं तर त्यांनी डोक्यावर हंडा धरल्यासारखा हात केला. मग आम्ही एकेका तांब्यात वुझू उरकला. घरी नळ सोडून वुझू करणाऱ्या आमच्या मुलींना त्या दिवशी वेगळं काही सांगावं लागलं नाही.

नमाजच्या वेळी एक गंमत झाली. आम्ही दोघी कोकणातल्या, शाफई. मगरिब आणि इशा जमा करून मोकळ्या झालो. धाकटी सोलापूरची, हनफी. ती इशाच्या वक्ताची वाट बघत बसली. मुलींनी विचारलं, बरोबर कोण? फुफी म्हणाल्या, "दोघीही. आता पांघरूण द्या."

दिवे मालवल्यावर घरात कधी होत नाहीत अशा गप्पा झाल्या. घरी सगळ्यांची दारं वेगळी, इथं सगळ्यांचा अंधार एक. फुफींनी सांगितलं की लग्नानंतर त्या पहिल्यांदाच स्वयंपाकाची काळजी न करता झोपताहेत. आम्हाला हसावं की काय करावं, कळेना. थोड्या वेळात त्या घोरायलाही लागल्या.

मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर गाडी थांबली. पोरांचं टोळकं होतं, मोठ्यानं गाणी लावलेली. मग पावलं जवळ आली आणि आमचं दार जोरात ढकललं गेलं. कडी खणखणली. आम्ही तिघी उठून बसलो. वरच्या खाटेवरून आवाज नाही, पण मुलीही जाग्या होत्या. आम्हाला ज्याची भीती होती ते हेच, असं त्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड आणि मावशींचा आवाज. "अय, संडास तिकडं! हा बायांचा हॉल हाय. आणि ते गाणं बंद कर आधी." पोरं "सॉरी मावशी, सॉरी" करत पलीकडे गेली. गाणं बंद झालं. मावशींनी दाराबाहेर घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, "झोपा बायांनो, मी हाय हितंच." सकाळपर्यंत त्या तिथंच होत्या. आमच्या सोबतीला आलेले भाईजान पलीकडच्या हॉलमध्ये गाढ झोपले होते. त्यांना हे सगळं चहाच्या वेळी समजलं.

फजर पढून अंधारातच निघालो. फुफी मावशींकडे चुलीपाशी थांबल्या. पहिल्या शिडीपाशी मधलीचे पाय लटपटले. तेव्हा जिला आम्ही नाही म्हणालो होतो, तीच मुलगी पुढे होऊन आईला सांगत होती, "खाली बघू नको अम्मी. एक हात घट्ट, मग एक पाय." तीन तासांहून जास्त लागले. वर कळसूबाई देवीचं छोटंसं देऊळ आहे. दर्शनाची रांग होती. आम्ही बाजूच्या कातळावर टेकलो. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. प्रवरेवरचं ते धरण 1926 साली पूर्ण झालं. इतकं पाणी नजरेसमोर आणि मावशींच्या डोक्यावर हंडा, हे मात्र डोळ्यांआड करता आलं नाही.

घरी आल्यावर दाराची गोष्ट लपवावी का, असा विचार आला होता. लपवली नाही. अल्हम्दुलिल्लाह, काही वाईट घडलं नाही, पण भीती अगदीच खोटी नव्हती. फक्त तिच्यावर नकार हा एकच इलाज नव्हता. मजबूत कडी, जागी असलेली एक बाई आणि आधी विचारलेले चार प्रश्न, हाही इलाज होता. मुलींच्या प्रवासाबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, आमच्याही घरात आहेत. आमचं म्हणणं एवढंच की जे ठरवायचं ते बघून ठरवावं.

फेब्रुवारीत कॉलेजचा दुसरा ट्रेक आहे. या वेळी थोरलीची मुलगीही तिच्यासोबत जाणार आहे, इन्शाअल्लाह. परवा मधलीच्या नवऱ्यानं मुलीला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, पुन्हा वाद होणार. त्यांनी फक्त विचारलं, "कडी आतून लागते का?"

"फोन करून विचारलंय, अब्बा," ती म्हणाली.