गोदाकाठचे विझलेले वीजघर

आदिलाबादहून निघून मंचेरियाल मागे टाकले आणि गोदावरीचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात रामगुंडम येते. पैठण-नांदेडची हीच गोदामाई! सिंगरेणीचा कोळसा हाताशी असल्याने १९७१ साली येथे साडेबासष्ट मेगावॉटचे औष्णिक वीजघर सुरू झाले. २०२४ च्या जूनमध्ये ते कायमचे बंद झाले. शेजारी २,६०० मेगावॉटचे केंद्र धडधडत असता या वृद्धाचा पाड तो काय? पण आमचा जीव जुन्यातच गुंतलेला. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. वाफ चक्र कसे फिरवते, हे समजावीत होतो. तोच दुर्गम गुड्यातील एका गोंड मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, आमच्या गुड्यात कधी येणार ही वीज?’’ आम्ही वाफेकडे पाहत राहिलो.