पंजा लढवताना नजर कुठे ठेवाल?

गेल्या महिन्यात सोमवारच्या ओपीडीत एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आला. उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरलेला, चेहरा पांढराफटक. सोबत वडील. आदल्या रात्री कट्ट्यावर मित्रामित्रांत पंजा लावला होता. ऐन रंगात 'कट्' असा आवाज झाला. तो आवाज भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. रात्री कुणीतरी हळद-तेल लावून हात बांधून दिला आणि सकाळी ही मंडळी माझ्याकडे आली.

मी त्याला म्हटलं, "मनगट वर उचल बघू." मूठ थोडीफार मिटत होती, पण पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडाच्या खालच्या भागात गोल जिन्यासारखी वळत गेलेली भेग दिसली. मी फिजिशियन, हाडं हा माझा प्रांत नाही. त्यामुळे हाताला आधार देऊन त्याला लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना वडिलांनी विचारलं, "साहेब, समोरचा पोरगा एवढा ताकदीचा होता काय हो?"

हा प्रश्न मी स्वतःला तीस वर्षं विचारत आलो आहे. कारण असाच एक हात माझ्या हातात मोडला होता.

१९९०च्या आसपासची गोष्ट. आम्ही सेकंड एमबीबीएसला होतो. होस्टेलच्या मेसमध्ये जेवण झालं की टेबल पुसून पंजाची बैठक बसायची. एका रात्री माझ्यासमोर माझा रूममेट होता. तो माझ्यापेक्षा अंगाने बारीक, पण चिवट. मी त्याचा हात टेबलापासून चार बोटांवर आणला आणि तिथे तो अडकला. काही केल्या हात खाली जाईना. पोरं ओरडत होती, "अंग टाक, अंग टाक!" त्याने हात वाचवायला सगळं अंग वळवलं, खांदा पुढे काढला, मान दुसरीकडे फिरवली. मी त्याच क्षणी एक हिसका दिला. आवाज आधी आला, त्याची किंकाळी नंतर.

त्याचंही मनगट असंच लोंबलं होतं. जवळपास चार महिने तो डाव्या हाताने लिहीत होता. एक टर्म गेली. तो मला एका शब्दाने बोलला नाही, पण मी त्यानंतर कुणाशीही पंजा लावला नाही. मनात एकच होतं, की मी रागाने, आडदांडपणे जोर लावला आणि मित्राचं हाड मोडलं.

यातलं किती खरं आणि किती खोटं, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा माझ्या एका पेशंटने जास्त नीट समजावलं. आमच्या कोल्हापुरात तालमींना तोटा नाही. हे गृहस्थ टेम्पो चालवतात, पंजाच्या स्पर्धा खेळतात, पोरांना शिकवतात आणि माझ्याकडे ब्लडप्रेशरसाठी येतात. २०२३ साली दिल्लीत प्रो पंजा लीग झाली, ती टीव्हीवर बघून त्यांच्याकडे पोरांची रीघ लागली होती. एकदा त्यांना मी होस्टेलची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, रविवारी या. टेबलावर उभं राहिल्याशिवाय कळायचं न्हाई."

बावन्नाव्या वर्षी मी पंजा शिकायला गेलो. बायकोने कपाळाला हात लावला.

पहिल्या दिवशी मी टेबलाशी उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे समोरचा हात बाजूला ढकलायला लागलो. ते म्हणाले, "ढकलू नका, वढा." तुम्ही आम्ही सगळे इथेच चुकतो. पंजा म्हणजे समोरच्याचा हात आडवा पाडणं, म्हणून आपण पहिल्या क्षणापासून आडवं ढकलतो. जाणता खेळाडू आधी हात स्वतःकडे ओढतो, आपल्याच खांद्याच्या दिशेने. तुमचा कोपर जितका मिटलेला आणि मूठ जितकी तुमच्या अंगाजवळ, तितकी तुमची ताकद शाबूत. समोरच्याचा कोपर मात्र त्या ओढीने उघडत जातो आणि त्याचा हात अंगापासून लांब जातो. भरलेली बादली छातीशी धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा. बादली तीच असते, पण लांब धरली की खांदा थरथरतो.

उभं राहण्याचीही रीत आहे. उजव्या हाताने खेळायचं तर उजवा पाय पुढे, पोट टेबलाच्या कडेला जवळजवळ टेकलेलं, डाव्या हातात टेबलाचा खुंटा घट्ट. दोघांचे कोपर गादीवर टेकलेले. स्पर्धेत कोपर उचलला की फाउल. पकड घेताना तळव्यात तळवा बसवायचा आणि पंच 'गो' म्हणण्याआधीच हातातली सगळी ढील काढून टाकायची. टेम्पोवर माल बांधताना दोरी आधी ताणून घेतो ना, अगदी तसं. ढिल्या हाताने सुरुवात केली तर पहिला झटका तुमच्या कोपरावर आणि खांद्यावर बसतो.

मग मनगट. मला वाटायचं पंजा म्हणजे दंडाचा खेळ. तसा तो आहेही, पण दंडाची ताकद समोरच्यापर्यंत पोचते ती मनगटातून. मनगट मागे मोडलं की बादलीची कडीच निखळली. मग दंड कितीही भरदार असो, उचलणार कशाने? म्हणून मनगट किंचित आत वाकवून धरायचं आणि समोरच्याचं मागे मोडायचं.

यासाठी दोन मुख्य डाव. एकाला टॉप-रोल म्हणतात. यात पकड जितकी वर, समोरच्याच्या बोटांच्या बाजूला घेता येईल तितकी घ्यायची, आपला तळवा जमिनीकडे वळवत जायचं आणि त्याची बोटं उघडत हात स्वतःकडे ओढायचा. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडेला ढकलून बघा, म्हणजे यातलं गणित लगेच कळेल. त्याचं मनगट ही बिजागरी. तुम्ही जोर तिच्यापासून जितका लांब लावाल तितका कमी जोर पुरतो. दुसरा डाव हुक. यात तळवा स्वतःच्या तोंडाकडे वळवून, मनगट आकड्यासारखं आत वाकवून समोरच्याला आपल्यात अडकवायचं आणि ओढत न्यायचं. हुकमध्ये दंडाच्या बेटकुळीवर आणि कोपराच्या आतल्या बाजूवर भार येतो. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. मी लागलो आणि तीन आठवडे चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आडवा जोर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही हाताने लावायचा नसतो. ओढून झालं, मनगट जिंकलं, की मूठ आपल्या छातीसमोर तशीच ठेवून अख्खं अंग त्या दिशेला वळवायचं. हात, खांदा, छाती एकसंध, दाराच्या फळीसारखी. आणि नजर? आपल्या मुठीवर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याच मुठीवर.

मला हे आधी फुकाचं वाटलं. नजरेने काय होणार? तेव्हा त्यांनी मला मान डावीकडे फिरवायला सांगितली आणि विचारलं, "आता खांदा कुठं गेला बगा." मान फिरली की छाती फिरते, छाती फिरली की खांदा मुठीच्या पुढे जातो आणि मूठ मागे राहते. मला एकदम मेसचं ते टेबल दिसलं.

या अवस्थेत दंडाच्या आत काय होतं ते सांगतो. तुमच्या छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दंडाच्या हाडाला वरच्या भागात चिकटलेले असतात. ते हाड आतल्या दिशेने फिरवायला बघतात, आणि तुम्ही अंग वळवता तेव्हा खांदाही त्याच दिशेने जातो. हाडाचं खालचं टोक मात्र कोपराशी आहे. काटकोनात वाकलेला तुमचा पुढचा हात समोरच्याने पकडून ठेवला आहे, आणि तो हात एखाद्या लांब पान्यासारखा ते टोक बाहेरच्या दिशेने फिरवतो. म्हणजे ओलं फडकं पिळावं तसं हाड पिळलं जातं. घरात खडू असेल तर दोन्ही टोकं धरून पिळून बघा. तो आडवा मोडत नाही, तिरकी, वळत गेलेली भेग पडते. त्या मुलाच्या एक्स-रेत हीच भेग होती.

म्हणून वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की समोरचा भीमसेन असण्याची गरज नाही. पिळायला निम्मा जोर त्या मुलाच्या स्वतःच्याच अंगाचा होता. तो जितका जिद्दीने हात वाचवत होता, तितका पीळ वाढत होता. म्हणूनच हा अपघात बहुतेक वेळा हात अडकलेला असताना, हरणारा शेवटचा जोर लावतो तेव्हा होतो.

मनगट का लोंबतं? मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंची नस, रेडियल नर्व्ह, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते. भेग पडते तिथे ती हाडाला अगदी लगटून असते आणि ताणली किंवा दाबली जाते. चांगली बातमी अशी, की बहुतेक पेशंटमध्ये ती आपोआप सुधारते. पण नस हळू वाढते, दिवसाला साधारण १ मिलीमीटर, त्यामुळे काही महिने धीर धरावा लागतो. तोवर मनगटाला पट्टीचा आधार आणि बोटांचा व्यायाम नेमाने करायचा. हाड पट्ट्याने जुळेल की प्लेट घालावी लागेल, ते हाडांचे डॉक्टर ठरवतील.

मी माझ्या गुरूंना विचारलं, "मग माझी चूक नव्हती?" ते म्हणाले, "निम्मी व्हती. त्याचा खांदा फुडं गेलेला तुम्हाला दिसत हुता न्हवं? मग हिसका कशाला दिला?" स्पर्धेत पंच अशा वेळी 'मुठीकडे तोंड कर' म्हणून ओरडतो. कट्ट्यावर पंच नसतो. तिथे समोरच्याची मान फिरलेली दिसली की जिंकणाऱ्यानेच हात ढिला सोडायचा. हरणाऱ्यासाठीही तोच नियम: मूठ खांद्याच्या मागे गेली की डाव सोडा, हात खाली जाऊ द्या. त्यांच्या तालमीत नव्या पोरांना पहिला महिना फक्त हरायला शिकवतात. मला ते फार आवडलं.

घरी लहान टेबलावर, खुर्चीत बसून पंजा लावतात तो प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तिथे पाय आणि कंबर वळत नाहीत, वळतो तो फक्त खांदा.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना वेगळं सांगतो. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा वाढीचा भाग अजून पक्का जुळलेला नसतो. जोरात पंजा लावला तर स्नायू तो तुकडाच ओढून काढू शकतो. मुलाचा कोपर पंजानंतर आतून सुजला, दुखला, तर मुरगळला म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा.

आणि ब्लडप्रेशरवाल्यांनो, जोर लावताना श्वास कोंडू नका. श्वास कोंडून जोर लावला की प्रेशर काही क्षणांत खूप वर जातं. प्रेशर ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, डोळ्यांच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पंजा नको. माझे गुरूसुद्धा गोळी चुकवली की त्या आठवड्यात टेबलाला हात लावत नाहीत. ही अट मी घातली आहे आणि ते ती पाळतात.

'कट्' आवाज झालाच तर हात चोळू नका, तेल लावू नका, ओढून बसवू नका. कोपर वाकवून हात छातीशी ओढणीने किंवा टॉवेलने बांधा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. तिथे मनगट वर उचलता येतंय का, हे मोजून-बघून लिहून घ्यायला सांगा. पुढच्या उपचारात त्या नोंदीचा उपयोग होतो.

त्या रात्री घरी आल्यावर मी रूममेटला फोन केला. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात भूलतज्ज्ञ आहे, रोज याच हाताने सुया लावतो. खडूचं, पिळाचं, नजरेचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, मी मान फिरवली ती तुझ्याकडे बघवेना म्हणून. तुझा चेहरा तेव्हा फार भयंकर दिसत होता." पुढच्या महिन्यात तो कोल्हापूरला येतोय. टेबलावर मात्र उभा राहणार नाही म्हणतो, बाजूला उभं राहून आमच्या माना कुणाकडे फिरतात ते बघणार आहे.