मालवणची काठी, कावेरीचं पाणी

पापनाशम म्हटलं की अनेकांना कमल हासनचा २०१५ सालचा सिनेमा आठवतो, म्हणजे 'दृश्यम'चा तमिळ अवतार. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं. माझी आत्या राहते ते दुसरं, तंजावर जिल्ह्यातलं. तंजावरहून कुंभकोणमच्या गाडीत बसलात की सुमारे २५ किलोमीटरवर हे स्टेशन लागतं. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये नारळ, १०८ शिवलिंगांचं देऊळ आणि गावाजवळून वाहणारी कुडमुरुट्टी. ही कावेरीचीच एक शाखा.

आजोबांची गळाची काठी आत्यासोबत मालवणहून इथे आली. जुन्या फायबरग्लासची, सात फुटी, मुठीचा बूच थोडा कुरतडलेला. रीळ मात्र खाऱ्या हवेने पार धरलं होतं, हँडल हलतच नव्हतं. आतेभावाचं म्हणणं, सगळंच टाकून नवा सेट घेऊ. आत्या म्हणाली, "काठीला काय झालंय? रीळ बदल."

बरोबर होतं तिचं. पण रीळ बघायच्या आधी काठी बघावी लागते. आम्ही ती हळूहळू वाकवून पाहिली, कुठे करकर ऐकू येते का ते. मग प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवला. कापूस अडकला की समजावं, कडीला चरा आहे आणि तिथे तंगूस कापला जाणार. आमच्या एका कडीत अडकला, ती बदलली. पहिली कडी मोठी आणि काठीच्या खालच्या बाजूला, म्हणजे इथे काठीखाली लटकणारं स्पिनिंग रीळच चालणार. वर बसणारं बेटकास्टिंग रीळ कितीही देखणं असो, ते या काठीसाठी नाही.

मग पाण्याचा विचार. मालवणला आजोबा खडकावरून लांब फेकायचे, म्हणून त्यांचं रीळ भलंमोठं. इथे सगळं मेट्टूर धरणावर अवलंबून. रिवाजाप्रमाणे १२ जूनला पाणी सोडतात, २८ जानेवारीला बंद करतात. पाऊस कमी असला की तारीख पुढे सरकते. नवं पाणी गढूळ येतं. कालवे अरुंद, त्यामुळे फेक लांब लागत नाही. पण काठच्या गवतात दबा धरून बसलेली मरळ (इथे तिला विराल म्हणतात) एकदम हिसका देते. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा सोडणारा ब्रेक, अडखळत नसला पाहिजे. आकार २५०० किंवा ३००० पुरे.

दुकानात काठी सोबत घेऊन गेलो, आणि तुम्हीही जाच. दुकानदाराने आधी चमचमतं रीळ काढलं, बारा बेअरिंगवालं. बेअरिंगच्या आकड्याला मी तरी भुलणार नाही. हँडल फिरवून बघा, ड्रॅग हाताने ओढून बघा, ते जास्त सांगतं. ते रीळ काठीवर लावलं तर टोक खाली झुकलं. जुनी ग्लासची काठी जड असते, फार हलकं रीळ तिला तोलत नाही. ३००० नंबरचं साधं रीळ लावलं, बोट रिळाच्या किंचित पुढे धरलं आणि काठी आडवी उभी राहिली. रिळाचा पाय जुन्या खाचेत घट्ट बसतो का, तेही तिथेच पाहून घेतलं.

विणलेला बारीक दोरा घ्या, असा आग्रह झाला. तो बळकट खरा, पण जुन्या धातूच्या कड्यांना हळूहळू कापतो. आम्ही साधा तंगूस घेतला. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे हिसका काठीवर एकदम येत नाही.

दोरा भरताना आत्याने गुंडाळीतून पेन्सिल घालून दोन्ही हातांनी धरली आणि तिचा मुलगा हँडल फिरवत राहिला. ढिला भरला तर पहिल्याच फेकीला गुंता होतो, म्हणून ती दर मिनिटाला ओरडत होती, "ताण ठेव रे!"

एक सांगायचं राहिलं. देवळाच्या तळ्यात गळ टाकायचा नाही. गावातली बरीच तळी मासेमारीसाठी कोणी ना कोणी ठेक्याने घेतलेली असतात, तेव्हा आधी विचारा.

पहिल्या संध्याकाळी दोन तिलापिया मिळाले. इथे त्यांना 'जिलेबी' म्हणतात. आत्याने मालवणी वाटप काढायला घेतलं, तेवढ्यात काका म्हणाले, जिलेबीचं मीन कुळंबूच करायचं, चिंच घालून. शेवटी एक मासा इकडे, एक तिकडे.