विषय गिऱ्हाइकाच्या तोंडी असतात

पुणे, ऑगस्ट

चि. ताईस,



तुझं पत्र आणि सोबतचे पत्रकाचे अंक पोचले. दुकानातर्फे दर महिन्याला चार पानी पत्रक काढायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात द्यायचं, बाहेरगावच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, हे काम तू नेटानं चालवलंस याचा मला फार आनंद आहे. तासगाव भागात ठिबक आणि पंप विकणारी दुकानं पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाशी लिहून बोलणारं दुकान विरळाच. पण तू लिहितेस, "मावशी, विषयच संपले. ठिबकचे फायदे झाले, विद्राव्य खतं झाली, फिल्टरचे प्रकार झाले. आता काय लिहू?"

म्हणून मी सगळे अंक एका बैठकीत वाचले. भाषा स्वच्छ आहे, माहिती खरी आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक विषय तुला मालावरून सुचलेला आहे. फळीवर फिल्टर दिसला की फिल्टरवर लेख, नवी मोटर आली की मोटरवर लेख. दुकानातला माल मोजका असतो, त्यामुळे त्याचे गुण सांगून वर्षभरात संपणारच. तो माल ट्रॉलीत घालून माणूस शेतावर गेला की पुढे त्याचं जे काही सुरू होतं, ते मात्र संपत नाही. तुझे विषय तिकडे आहेत.

मी इतकी वर्षं कंपनीच्या प्रसिद्धी विभागात गृहपत्रिकेचं काम केलं, त्यावरून सांगते. गल्ल्याशेजारी एक जाड वही ठेव. आलेला माणूस काय विचारतो ते त्यात उतरव, आणि त्याच्याच शब्दांत उतरव. "शेवटच्या तासाला पाणीच जाईना बघा," असं तो म्हणाला तर वहीत तेच लिही. "दाबातील असमानता" असं लिहू नकोस. तू आपल्या धंद्याच्या भाषेत उतरवलंस की प्रश्नातली त्याची अडचण निघून जाते आणि उरतो तो पुस्तकातला धडा. तो तर तू आधीच लिहिलेला आहेस.

आता हा एकच प्रश्न घे आणि त्याच्यात किती अंक दडलेत ते बघ. शेवटच्या तासाला, म्हणजे ओळीला, पाणी का पोचत नाही? नळी ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त ओढली असेल तर टोकाला दाब उरत नाही. रान चढाचं असेल. उपमुख्य पाइप पैसे वाचवायला एक माप लहान घेतला असेल. फिल्टर चोंदला असेल. मग फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मीटरवर कसा वाचायचा, हे सांगायला हवं. नळ्यांची टोकं कित्येक महिन्यांत सोडली नसतील आणि आत गाळ बसला असेल. निम्म्या रानात जुन्या नळ्या, निम्म्यात नव्या, दोन्हींच्या ड्रिपरचा ताशी प्रवाह वेगळा, असंही होतं. आणि वीज ठरावीक तासच येते म्हणून घाईनं दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम उघडले तर चांगला पंपही पुरा पडत नाही. प्रत्येक कारण एकेका लेखाचं आहे. शिवाय सगळ्यांच्या आधी यायला हवा असा एक लेख आहे: दुकानात येण्यापूर्वी स्वतःच खात्री कशी करावी. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकसारखी भांडी ठेवायची, घड्याळ लावून तेवढाच वेळ पाणी धरायचं आणि मोजायचं. तिन्ही मापं जवळपास सारखी आली तर दोष ठिबकचा नाही, दुसरीकडे शोधायला हवा. असा लेख लोक जपून ठेवतील.

वही भरायला नुसता गल्ला पुरायचा नाही. जे लोक दुकानात बोलायला संकोचतात, ते फिटरपुढे मोकळे होतात. फिटर संध्याकाळी परतला की दहा मिनिटं त्याच्याजवळ बस आणि आज रानात काय दिसलं ते विचार. तो सांगेल, फिल्टरची जाळी काढून बाजूला ठेवली होती, कारण जाळीविना पाणी जास्त येतं असं वाटलं. तो सांगेल, पाण्यातून खत सोडणारी व्हेंच्युरी बसवल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही, खत अजून हातानंच टाकतात. उंदरांनी नळ्या कुरतडल्या म्हणून ठिबकच गुंडाळून ठेवलंय, हेही सांगेल. यातलं काहीच कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही, कारण ते कारखान्यात बसून लिहिलेलं असतं.

आणखी एक. तुझ्या प्रत्येक अंकाची सुरुवात "शेतकरी बंधूंनो" अशी आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळी व्हॉल्व्ह फिरवणारी, टाकीत खत कालवणारी, फुटलेल्या नळीला जोड घालणारी बाई असते. ती दुकानात येत नाही, म्हणून तिचे प्रश्न वहीत येत नाहीत. ते आणायला तुला गावात जावं लागेल. तू बाई आहेस, तुला ते जमेल. शेजारच्या दुकानदाराला जमणार नाही.

यावरून 'स्त्री' मासिक काढणारे शंवाकि, म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर, आठवले. तुझ्या तालुक्यापासून किर्लोस्करवाडी जवळच, तेव्हा ही हकिकत तुला ठाऊक असायलाच हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर 1910 साली आपला कारखाना हलवला. त्याआधी बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर काढला होता आणि तो विकायला त्यांना फार जड गेलं. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लोखंडाची प्रत कितीही वाखाणली असती तरी हा संशय फिटला नसता. शेतकऱ्याच्या मनात प्रश्न होता तो आपल्या मातीचा. उत्तर मातीबद्दलच द्यायला हवं होतं, आणि नांगर रानात चालल्यावरच ते त्याला पटलं.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर मुळात चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातीचं आणि विक्रीचं काम त्यांच्याकडे आलं. 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याचं गृहपत्र म्हणून. नांगर, चरक, मोट यांच्याच गोष्टी सांगत राहिले असते तर तुझ्यासारखेच तेही थोड्या काळात अडले असते. पण नांगर घेणारा माणूस फक्त नांगरापुरता नसतो, हे त्यांनी ओळखलं. त्याला स्वतःचा लहानसा धंदा काढायचा असतो, जगात नवं काय चाललंय ते समजून घ्यायचं असतं, मुलांना शिकवायचं असतं, घरातल्या जुन्या रूढींशी त्याचं भांडण चालू असतं. ते सगळं मासिकात आलं. पुढे नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' उरलं. 1930 साली 'स्त्री' निघालं, 1934 साली 'मनोहर'. एका नांगराच्या कारखान्याच्या पत्रकातून महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचं वाचन घडलं. माझ्या आईच्या पेटीत 'स्त्री'चे अंक होते, ते वाचतच मी मोठी झाले. तुझ्याकडून मासिकाची अपेक्षा नाही. पण विषय शोधताना नजर मालावरून उचलून माणसावर कशी न्यावी, याचा इतका मोठा धडा दुसरीकडे जाऊन शोधायची गरज नाही.

फ्रान्समध्येही तेच झालं होतं. मिशलिन बंधू टायर विकत. टायरवर माणूस किती लिहिणार? त्यांनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी फुकट वाटायची एक पुस्तिका काढली आणि तिच्यात नकाशे, पेट्रोल मिळण्याची ठिकाणं, दुरुस्ती करणारे, मुक्कामाच्या जागा दिल्या. टायर घेतल्यावर माणूस रस्त्यावर जातो, म्हणून त्यांनी रस्त्यावर लिहिलं.

आता अवघड भागाकडे येते. काही प्रश्न रोज विचारले जातात आणि कुठलाच दुकानदार ते कागदावर आणत नाही. एकरी खर्च किती? स्वस्तातली पातळ नळी किती हंगाम टिकते? या कंपनीचं बरं की त्या कंपनीचं? कुणी ठिबक घेऊच नये? अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये मार्कस शेरिडन यांची फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणारी कंपनी होती. 2008 च्या मंदीत ती बुडायच्या बेताला आली. त्यांनी गिऱ्हाईक विचारतं ते प्रश्न एकेक करून घेतले आणि सरळ उत्तरं लिहून लोकांपुढे ठेवली: तलावाला खर्च किती येतो, फायबरग्लासचे दोष कोणते, काँक्रीटचा बरा की हा. बाकीचे विक्रेते किमतीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. लोक यांच्याकडे वळले, धंदा सावरला, आणि पुढे त्यांनी या रीतीवर पुस्तकच लिहिलं.

किमतीचं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल, अशी भीती तुला वाटेल. पण तो आकडा त्याला दुसऱ्या दुकानात किंवा पारावर कळणारच आहे. फक्त तिथे कारण कळणार नाही. उसाच्या सऱ्या जवळ असतील तर एकरी नळी जास्त लागते, द्राक्षाच्या ओळी एकमेकींपासून लांब असतात म्हणून कमी लागते. खर्च पिकाच्या अंतरावर कसा बदलतो, हे तूच नीट सांगू शकतेस. अनुदानाचंही तसंच. तुझ्या अंकात "अनुदान उपलब्ध" एवढंच आहे. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत केंद्राचं सूत्र अल्प आणि अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के असं आहे. ही टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर मोजतात, दुकानाच्या बिलावर नाही. गिऱ्हाईक बिलावर हिशेब करतं, रक्कम कमी आली की तुझ्यावर रागावतं. त्या रागाचं खरं कारण आधीच छापून ठेवलंस तर पुढची भांडणं वाचतील आणि चार पानंही भरतील.

विषय कधी काढायचा, यालाही महत्त्व आहे. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. बेदाण्याची शेड फेब्रुवारीपासून गजबजतात. प्रश्न गल्ल्यावर येण्याच्या तीन-चार आठवडे आधी उत्तर हातात पडलं पाहिजे. वहीत प्रश्नाशेजारी तारीख घाल, म्हणजे पुढच्या वर्षी कुठला लेख कुठल्या महिन्यात टाकायचा ते आपोआप दिसेल. तोच विषय पुन्हा घ्यायला कचरू नकोस. पाऊस कमी झालेल्या वर्षी विहिरीचं पाणी बदलतं, गेल्या वर्षीचं उत्तर तसंच्या तसं लागू पडत नाही.

तू संगणकाकडून काढून घेतलेली विषयांची यादीही पाठवलीस. मी ती वाचली. त्यात चूक काही नाही, पण ती सांगलीतल्या दुकानाला चालेल, नाशिकच्या चालेल आणि गुजरातेतल्याही चालेल. तुझ्या गिऱ्हाइकाचा आवाज तिच्यात नाही. ती बाजूला ठेव. दिनविशेषांच्या शुभेच्छा आणि पुरस्कार स्वीकारतानाचे फोटोही थांबव. ते पान प्रश्नोत्तरांना दे.

सप्टेंबरच्या अंकासाठी विषय मी सुचवते, कारण फळछाटणी तोंडावर आली आहे: "ड्रिपरवर पांढरी खर का धरते?" पाण्यातल्या क्षारांनी ती धरते हे थोडक्यात सांग. पाणी तपासायला नमुना कसा घ्यायचा ते सविस्तर सांग. आम्लप्रक्रिया करताना शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू चारच्या आसपास येतो का ते कसं बघायचं, नंतर नळ्या कशा धुवायच्या, हेही लिही. आणि चौकटीत ठळक छाप: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. लेख छापण्याआधी फिटरला आणि एखाद्या जाणत्या बागायतदाराला वाचून दाखव.

वही आजच घे. पंधरा दिवसांनी तिच्यातल्या पानांचे फोटो मला पाठव, गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे ठेवून. पुढच्या सहा अंकांचे विषय आपण त्यातूनच ठरवू.

तुझी,
मावशी